बॉल इथंच राहणार का?

शनिवारची सकाळची शाळा सुटायला आली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेचं मुरमाड मैदान, कडेला दोन कडुलिंब, एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, आणि फक्कीनं घाईघाईत मारलेली एक कमान. तासभर तिथं हँडबॉलचं प्रात्यक्षिक झालं होतं. तालुक्याहून आलेल्या मुलांनी पळत येऊन, उंच उडी घेऊन, हवेतल्या हवेत गोल मारून दाखवले. शाळेच्या मुलांनी प्रत्येक गोलला टाळ्या वाजवल्या. शेवटी सगळ्यांना एकदा-दोनदा चेंडू फेकायला मिळाला. मग चेंडू जाळीच्या पिशवीत गेले, पिशवीचं तोंड आवळलं गेलं आणि ती गाडीच्या मागच्या सीटवर पडली. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी गाडीपाशी आली. तळहातांवर चेंडूची माती तशीच होती. तिनं विचारलं, "सर, बॉल इथंच राहणार का?" उत्तर आलं, "पुढच्या वेळी आणू हं, बाळा." पुढची वेळ कधी, ते कुणीच ठरवलं नव्हतं. तिनं मान हलवली, हात गणवेशाला पुसले आणि ती दप्तर घ्यायला वळली. त्या दिवसाच्या अहवालात साठ विद्यार्थ्यांचा सहभाग लिहिला गेला, सोबत फोटो जोडला गेला. आकडा खरा होता. फोटोही खरा होता.

साठांपैकी एकीनं कामाचा प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर गाडीत बसून निघून गेलं.

गावात हा खेळ न्यायचा तर पहिली अडचण त्याच्या नावाची. आपल्याकडच्या पोरांना 'हँडबॉल' हा शब्द माहीत असतो, पण फुटबॉलमधली चूक म्हणून. चेंडू हाताला लागला की सगळं मैदान ओरडतं, "हँड! हँड!" त्या मुलांपुढे उभं राहून "आज आपण हँडबॉल खेळणार" म्हटलं की निम्मी हसतात आणि निम्म्यांना व्हॉलीबॉल आठवतो. हे भाषणानं दुरुस्त होत नाही. चेंडू हातात आला, तीन पावलं टाकली, फेकला, खांबाच्या आत गेला, की शब्दाचा जुना अर्थ आपोआप मागे पडतो. पण त्यासाठी चेंडू हातात यावा लागतो, आणि तालुक्याच्या स्पोर्ट्सच्या दुकानात मागितला तर बहुतेक वेळा व्हॉलीबॉलच पुढे येतो. २०२३ च्या जूनमध्ये जयपूरला प्रीमियर हँडबॉल लीगचा पहिला हंगाम झाला आणि तो 'महाराष्ट्र आयर्नमेन' या संघानं जिंकला. विजेतेपद आपल्या राज्याच्या नावावर लागलं. तो आनंद मोठाच आहे, पण कडुलिंबाखालच्या मैदानावर तो पोचायचा तर मध्ये एक साधी वस्तू लागते, आणि ती मापाची असावी लागते.

मापावर थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक ठिकाणी खेळ इथंच बिघडतो. मोठ्या पुरुषांचा ३ नंबरचा चेंडू ५८ ते ६० सेंटिमीटर घेराचा, ४२५ ते ४७५ ग्रॅम वजनाचा. बाया आणि बारा ते सोळा वर्षांचे मुलगे २ नंबरनं खेळतात: ५४ ते ५६ सेंटिमीटर, ३२५ ते ३७५ ग्रॅम. आठ ते बारा वर्षांचे मुलगे आणि आठ ते चौदा वर्षांच्या मुली यांच्यासाठी १ नंबर: ५० ते ५२ सेंटिमीटर, २९० ते ३३० ग्रॅम. प्रात्यक्षिकाला मोठी मुलं येतात ती आपला ३ नंबरचा चेंडू घेऊन येतात, आणि शेवटी तोच चौथी-पाचवीच्या हातात दिला जातो. लहान पंजात तो मावत नाही. मग मूल काय करतं? दोन्ही हातांनी धरतं आणि पोटाजवळून वर उडवतं. व्हॉलीबॉल दिला तरी तेच होतं. तो वजनाला हलका, पण घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर, म्हणजे एका हातात धरण्याचा प्रश्नच नाही. दोन महिने असं खेळलेल्या मुलाची फेक सुधारायला पुढे सहा महिने जातात, कारण कोपर खांद्याच्या वर नेण्याची सवय त्याच्या अंगात कधी शिरलेलीच नसते. चेंडू घ्यायचा तर लहान घ्यावा, आणि शंका असेल तर आणखी एक नंबर लहान घ्यावा. तेही जमत नसेल तर लगोरीला करतात तसा चिंध्यांचा चेंडू शिवावा: जुन्या मोज्यात फोमचे तुकडे, वरून चिंध्या, आणि घेर दोऱ्यानं मोजून ४६ ते ४८ सेंटिमीटरवर आणायचा. तो उसळत नाही, त्यामुळे ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत पळणं, शिकता येत नाही. पण झेल, पास आणि नेम या तिन्ही गोष्टी त्यावर उत्तम शिकता येतात, आणि तो छातीवर लागला तरी कुणी रडत नाही.

रडण्याचं मुद्दाम लिहितो आहे. नवं मूल खेळ सोडतं तेव्हा ते कारण सांगत नाही, नुसतं यायचं थांबतं. बारकाईनं पाहिलं तर पुष्कळदा त्या कारणाची जागा बोटांच्या टोकावर सापडते. डिसेंबरातल्या सकाळी सातला टणक भरलेला चेंडू बोटांवर दगडासारखा आदळतो. ज्याचा अंगठा एकदा मागे मुरगळला, तो पुढच्या वेळी झेलताना डोळे मिटतो. मग झेल सुटतो, शेजारचे हसतात, आणि चौथ्या दिवशी त्याला घरी काम निघतं. म्हणून नवख्यांच्या चेंडूत हवा थोडी कमी ठेवावी, अंगठ्यानं दाबला की थोडा आत जाईल एवढी. झेलताना बोटं पसरलेली, दोन्ही अंगठे एकमेकांजवळ, आणि चेंडू आला की हात त्याच्यासोबत छातीकडे मागे न्यायचे. पडतं फळ ओंजळीत घेताना हात आपोआप खाली जातात, तसे. पहिलं अंतर तीन मीटरच. जोडीनं सलग दहा झेल घेतले की दोघांनी एकेक पाऊल मागे. सुटला तर तिथूनच पुन्हा मोजायचं, पुढे यायचं नाही. ही एवढी साधी शिस्त पाळली तर आठवड्याभरात तीच मुलं आठ मीटरवरून खळखळून हसत झेल घेताना दिसतात.

आता रांगेचं बघा. तीस मुलं आणि दोन चेंडू असले की आपण सवयीनं दोन रांगा लावतो. पंधरा जणांची रांग, प्रत्येकाच्या फेकीला आणि चेंडू परत आणायला दहा सेकंद धरले तर एकाची पाळी अडीच मिनिटांनी येते. वीस मिनिटांत आठ फेकी. उरलेला वेळ समोरच्याची वेणी ओढण्यात आणि ढकलाढकलीत जातो, मग शिट्टी, मग रागावणं. तीच तीस मुलं पंधरा जोड्यांत आणि पंधरा चेंडूंवर खेळली, दर तीन सेकंदांना एक पास झाला, तर पाच मिनिटांत एकेकाच्या वाट्याला पन्नास फेकी आणि पन्नास झेल येतात. पंधरा चेंडू कुठून आणायचे, हा प्रश्न योग्यच आहे. चार-पाच खरे आणि दहा चिंध्यांचे, असं त्याचं उत्तर. त्या शनिवारी साठ मुलांना मिळून जेमतेम शंभर फेकी मिळाल्या असतील. टाळ्या त्याहून कितीतरी जास्त वाजल्या.

पहिल्या दिवशी नियम सांगायचे ते तीनच. कमानीच्या आत, म्हणजे डीमध्ये, गोलकीपरशिवाय कुणी जायचं नाही. चेंडू हातात घेऊन तीनपेक्षा जास्त पावलं नाहीत, आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त तो धरून ठेवायचा नाही. दुसऱ्याच्या हातातून हिसकायचा नाही. बाकी सगळं, म्हणजे फ्री थ्रो, सात मीटरची पेनल्टी, दोन मिनिटं बाहेर बसण्याची शिक्षा, नंतर गरज पडेल तसं येतं. सुरुवात पकडापकडीनं आणि 'दहा पास'नं करावी: दोन गट, गोल नाही, आपल्या गटात सलग दहा पास झाले की एक गुण. हे खेळताना मोकळ्या जागेत पळणं मुलं स्वतःच शोधतात. कुणी शिकवत बसावं लागत नाही. नंतर गोलच्या चार कोपऱ्यांत मोटारसायकलच्या जुन्या ट्यूब लटकवून नेम. आणि शेवटची वीस मिनिटं सामना, पाच-पाच मिनिटांचा, चार खेळाडू आणि एक गोलकीपर. सामना शेवटी आलाच पाहिजे. आठ दिवस नुसता सराव करवून नवव्या दिवशी सामना देणारे प्रशिक्षक प्रामाणिक असतात, पण नवव्या दिवसापर्यंत त्यांच्याकडे मुलं उरलेली नसतात.

मैदानाची अडचण सांगणारे पुष्कळ भेटतात. पूर्ण मैदान ४० बाय २० मीटर, आणि एवढी सपाट जागा प्रत्येक शाळेला नसते, हे खरंच. पण कबड्डीचं मैदान बहुतेक शाळांत असतं. मोठ्या मुलांचं ते १३ बाय १० मीटरचं. अशी दोन मैदानं लांबीच्या बाजूनं एकमेकांना चिकटवली की २० बाय १३ मीटरचा आयत मिळतो, आणि लहान मुलांच्या मिनी हँडबॉलला नेमकी एवढीच जागा लागते. डी सहाऐवजी पाच मीटरची घ्यायची, गोल सुमारे २.४ मीटर रुंद. पूर्ण मापाचा, ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच गोल आधीच उभा असेल तर वरच्या दांडीपासून चाळीसेक सेंटिमीटर रुंदीची जुन्या साडीची पट्टी बांधावी. सव्वाचार फूट उंचीच्या गोलकीपरच्या डोक्यावरून सगळे चेंडू आत जायला लागले की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. त्या पट्टीनं तो येतो.

आखणीत हात घाईला आला की कमान वाकडी होते, त्या शनिवारी झाली तशी. गोलरेषेचा मध्य धरून दोन्हीकडे दीड-दीड मीटरवर खांबांची आतली बाजू येते. रेषा काटकोनात आहे का, हे गवंडी बघतात तसंच बघायचं: एका बाजूवर ६ मीटर, दुसरीवर ८, आणि तिरपं माप बरोबर १० भरलं की कोपरा गुण्यात आहे. मग खांबाच्या मागच्या आतल्या कोपऱ्यावर खुंटी ठोकून ६ मीटरचा चतकोर काढायचा, दुसऱ्या खांबाला तसाच, आणि दोन्ही चतकोर ३ मीटरच्या सरळ रेषेनं जोडायचे. गोलच्या मध्यात एकच खुंटी ठोकून अर्धवर्तुळ काढणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. त्यानं डी दोन्हीकडे दीड-दीड मीटरनं अरुंद होते आणि विंगवरचा, म्हणजे मैदानाच्या कडेचा खेळाडू खांबाच्या फार जवळून गोल मारू लागतो. सुतळी वापरू नये. ताणली की ती लांबते आणि दवानं भिजली की आखडते, म्हणून दोन बाजूंच्या डी वेगवेगळ्या मापाच्या होतात. कापडी किंवा स्टीलचा टेप बरा. चुना टाळावा, फक्कीच घ्यावी. चुन्याचा हात डोळ्याला लागला तर आग होते आणि इजाही होते, आणि लहान मुलं सारखी डोळे चोळतात.

गोलबद्दल मात्र कुठलीही तडजोड नको. गावातला फॅब्रिकेटर चौकोनी पाइपचा छान गोल करून देतो, ८० मिलिमीटरचे खांब, लाल-पांढरे पट्टे, सगळं. पण तो मैदानावर नुसता ठेवला तर पुढच्या बाजूला कलंडतो, आणि मुलं वरच्या दांडीला लोंबकळतातच. गोल अंगावर पडून जगभरात मुलांचे जीव गेले आहेत. मागच्या चौकटीवर वाळूच्या भरलेल्या गोण्या, शिवाय जमिनीत गाडलेल्या लोखंडी खुंट्या, आणि सत्र सुरू होण्याआधी एका मोठ्या माणसानं दांडीला दोन्ही हातांनी लटकून बघायचं. एवढी तयारी होत नसेल तर दोन बांबू आणि त्यांच्यात बांधलेली रंगीत नाडी पुरते. किनाऱ्याच्या गावांत जुन्या मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे मिळतात, ते मागे सोडले की चेंडू आणायला पळावं लागत नाही. तिथं तर वाळूही आहे. बीच हँडबॉलला २७ बाय १२ मीटर जागा पुरते, एका वेळी तीन खेळाडू आणि एक गोलकीपर, आणि पडलं तर गुडघा फुटत नाही. मुरमावर मात्र पहिले काही महिने पडून मारायचा शॉट शिकवू नये. सोललेला गुडघा आईला दिसतो, आणि मग चर्चा खेळाची न राहता गुडघ्याची होते.

कोण खेळाडू होईल, हे ओळखायला चाचण्या नंतर येतात. आधी चिंचेच्या झाडाखाली उभं राहावं.

खरंच. उन्हाळ्याच्या तोंडावर चिंचा आणि कैऱ्या पाडणारी पोरं पाहा. दगड हातात, कोपर वर, विरुद्ध बाजूचा पाय पुढे, कमरेतून आलेला झटका, आणि तीस फुटांवरच्या देठावर नेम. हँडबॉलची फेक हीच. त्यांतला एखादा डावखुरा असला तर त्याचं नाव-गाव लिहून घ्यावं. उजव्या विंगला आणि तिच्या शेजारी जरा मागे, उजव्या बॅकला, डावखुऱ्या खेळाडूला गोलचा जो कोन मिळतो तो उजव्या हाताच्या खेळाडूला मिळत नाही, आणि अनेक घरांत लहानपणीच डाव्या हातावर फटके मारून तो बदलायला लावलेला असतो. खो-खो खेळणाऱ्या मुलीला दिशा बदलायला शिकवावं लागत नाही. बचाव करणारीला एकीकडे झुकवून दुसरीकडून निसटणं तिला खांबाभोवती पळून पळून आलेलं असतं. कबड्डीवाल्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांची खाली बसकी चाल आणि न घाबरता अंगावर घेण्याची ताकद भिंतीसारख्या बचावात आणि पिव्होटच्या, म्हणजे समोरच्या बचावात घुसून डीच्या रेषेवर उभं राहणाऱ्याच्या, जागी अनमोल ठरते, पण पकडण्याची सवय घात करते. इथं वाकलेल्या हातांनी, समोरासमोर, छातीनं अडवता येतं. कंबर धरली, मागून ओढलं की दोन मिनिटं बाहेर, आणि अशी तिसरी शिक्षा झाली की सामन्यातूनच बाहेर. कबड्डीच्या प्रशिक्षकांशी आधी बोलून घ्यावं. "तुमचा मुलगा आम्ही पळवत नाही, तुमचा सराव नसेल त्या दोन दिवशी येऊ दे" असं सरळ सांगितलं की ते स्वतःच दोन मुलं पाठवतात. न सांगता मुलं ओढली तर गावात एका खेळाचं दुसऱ्याशी वैर सुरू होतं, आणि त्यात नवा खेळच हरतो.

जंप शॉट सगळ्यांना हवा असतो. तो पाहूनच तर त्या दिवशी टाळ्या वाजल्या. उजव्या हातानं फेकणाऱ्यानं डावा-उजवा-डावा अशी तीन पावलं टाकून डाव्या पायावर उडी घ्यायची. नवखी मुलं उजव्या पायावर उडतात, मग खांदा वळत नाही आणि चेंडू नुसता ढकलला जातो. यावर लंगडीसारखा उपाय नाही. दोन्ही पायांवर आलटून पालटून लंगडी घालायला लावली, फक्कीनं तीन पावलांचे ठसे काढून दिले, की पंधरा दिवसांत पाय जुळतो. आणि गोलकीपर? जाड मुलाला किंवा उशिरा आलेल्याला तिथं उभं करण्याची आपली खोड आधी मोडायला हवी. पहिला महिनाभर प्रत्येकानं पाळीपाळीनं पाच मिनिटं, मऊ चेंडूवर, उभं राहावं. त्यात एक-दोन मुलं अशी निघतात की ज्यांना चेंडू अंगावर आलेला आवडतो. त्यांना सांगायचं की झेलू नकोस, अडव. हात-पाय पसरून जेवढी जागा झाकता येईल तेवढी झाक. विकेटकीपिंग करणाऱ्यांना हे अवघड जातं, त्यांचे दोन्ही हात सवयीनं एकत्र येतात. मुलग्यांना गार्ड घातल्याशिवाय गोलमध्ये उभं करायचं नाही, यात सवलत नाही.

हा खेळ जन्मला तोच बायकांसाठी, हे मुलींच्या पालकांना सांगावंसं वाटतं. डेन्मार्कमध्ये होल्गर नील्सन या शिक्षकानं १८९८ च्या सुमारास मुलांसाठी असाच खेळ बसवला होता, पण 'हँडबॉल' हे नाव आणि नियम १९१७ मध्ये बर्लिनला माक्स हायझर यांनी दिले ते बायकांना खेळता यावं म्हणून. पुढे पुरुषांनी तो उचलला, अंगझटीचा केला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अकरा-अकरा पुरुषांचा हँडबॉल मोठ्या मैदानावर खेळला गेला आणि जर्मनीनं ऑस्ट्रियाला १०-६ हरवलं. त्याच उन्हाळ्यात त्याच शहरात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी कबड्डीसह आपले देशी खेळ करून दाखवले होते. आज दोन कबड्डीची मैदानं जोडून मिनी हँडबॉल आखताना हे आठवतं. बायकांच्या हँडबॉलला मात्र ऑलिंपिकचं दार उघडायला १९७६ उजाडलं. आणि कपड्यांचा वाद तर अगदी अलीकडचा: २०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघातल्या बायकांनी बिकिनीऐवजी शॉर्ट्स घातल्या म्हणून संघाला दंड झाला. जगभर आवाज उठला आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाला नियम बदलावा लागला.

आपल्या गावात हा वाद येण्याआधीच मुलगी घरी बसलेली असते, हे दुखतं. बाराव्या-तेराव्या वर्षी ती मैदानावरून नाहीशी होते. तिला थांबवायचं तर काही गोष्टी पोस्टर छापण्याआधी कराव्या लागतात. शाळेतलं स्वच्छतागृह सत्राच्या वेळी उघडं आणि वापरता येण्याजोगं हवं, आत पाणी हवं. सराव साडेचारला सुरू होऊन साडेपाचला संपायला हवा, कारण डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि वस्तीवरचा रस्ता दोन किलोमीटरचा असतो. एकाच वाटेनं जाणाऱ्या तिघी-चौघींना एकदमच सोडायचं. ट्रॅक पँट, सलवार, जे असेल त्यात खेळू द्यायचं. आणि एक मोठी मुलगी, अकरावी-बारावीतली का होईना, मैदानावर ताई म्हणून हवी. पाळीच्या दिवसांत "आज बसू का?" हे सरांना विचारता येत नाही, ताईला विचारता येतं. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात मोरसिंघी नावाचं छोटं गाव आहे. तिथं माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू स्नेहलता यांनी मुलींसाठी हँडबॉल नर्सरी उभी केली, आणि त्या गावातून भारताच्या संघात मुली जात राहिल्या. २०२२ च्या मार्चमध्ये भारताच्या ज्युनियर मुलींनी कझाकस्तानातल्या अल्माटीत आशियाई विजेतेपद मिळवलं, थायलंडला हरवून. डोंगरातल्या गावात जे होतं ते आपल्याकडे होणार नाही असं मानायला काही कारण नाही. मात्र तिथं शिकवणारी रोज तिथंच असते, हा फरक नजरेआड करता येत नाही.

वडील विचारतात, "यातून पुढं काय?" हा प्रश्न हलक्यात घेऊ नये. ज्या घरात एका मुलाच्या बसभाड्याचाही हिशेब होतो तिथं तो विचारलाच जाणार. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे सांगावं. पण लगेच हेही सांगावं की त्यासाठी ठरलेल्या पातळीवरची, ठरलेल्या स्पर्धेतली कामगिरी लागते. नुसतं मैदानावर येऊन प्रमाणपत्र मिळत नाही. नोकरीचं आमिष दाखवून आणलेलं मूल पहिल्या जिल्हा स्पर्धेत हरलं की घरचेच त्याला काढून घेतात. "संध्याकाळी तासभर ती आमच्या नजरेसमोर असेल, अंधारापूर्वी घरी येईल" एवढं वचन द्यावं आणि पाळावं. आईला तेवढं पुरतं, बहुतेक वेळा.

वेळापत्रकही गावाचं असतं, आपलं नसतं. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा उत्साह असतो आणि चिखलही. शालेय स्पर्धा पावसाळ्याच्या मागच्या बाजूला सुरू होतात, म्हणजे तयारीला वेळ फार थोडा. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या पट्ट्यातली कित्येक मुलं आईबापांबरोबर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्यातच परततात. हजेरीच्या वहीत त्यांच्यापुढे 'गैरहजर' लिहिणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांच्या नावाची जागा राखून ठेवावी, जाताना हातात एक चिंध्यांचा चेंडू द्यावा. फेब्रुवारी-मार्च परीक्षांचा, त्यात नवी भरती करू नये. एप्रिलमध्ये सकाळी साडेसहा ते आठ, ऊन चढायच्या आत, हा नवख्यांसाठी सगळ्यात चांगला काळ. आणि पुन्हा पुन्हा जाणवतं ते हे, की पहिल्या दिवशी किती आले याची नोंद सगळे ठेवतात. तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी किती आले, ते वहीत सापडत नाही. साठांचे तेव्हा चौदा उरले तर तो संघ आहे. साठांचे साठ पहिल्याच दिवशी घरी गेले आणि दुसरा दिवस ठरलाच नाही, तर तिथं अजून काही घडलेलं नाही.

त्या शाळेपुरतं बोलायचं तर फार काही मागे ठेवायचं नव्हतं. १ नंबरचे चार चेंडू, जाळीची पिशवी, हातपंप आणि दोन पिना. पिन आत घालताना ती ओली करायची, हे पंपाबरोबर सांगायचं; कोरडी खुपसली की व्हॉल्व्हचं रबर फाटतं आणि आठवड्यात चेंडू पिचकतो. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलूपबंद राहिली तर चेंडू असूनही नसल्यासारखे, म्हणून ती सहावी-सातवीतल्या दोघींच्या नावावर आठवड्याआठवड्यानं द्यायची, वहीत सही घेऊन. एखादा हरवेल. हरवू दे. कपाटात पडून कडक झालेल्या चेंडूपेक्षा नाल्यात वाहून गेलेल्या चेंडूनं काहीतरी खेळ पाहिलेला असतो. आणि वार ठरवायचा. मंगळवार आणि शुक्रवार, साडेचार. तालुक्याहून दर वेळी कुणी येऊ शकलं नाही तरी वार बदलायचा नाही, ताईनं 'दहा पास' घ्यायचे.

ती मुलगी सहावीत आहे. तिची शाळा सातवीपर्यंतच आहे. पुढे पाच किलोमीटरवरचं हायस्कूल, बस, आणि घरच्यांचा नव्यानं विचार. म्हणजे हातात दीड वर्ष आहे, त्यातला एक पावसाळा. येत्या मंगळवारी गाडी पुन्हा त्या वाटेनं जाणारच आहे, दुसऱ्या गावच्या प्रात्यक्षिकाला. पिशवी मागच्या सीटवर आहे. साडेचारच्या आत तिथं पोचता येतं.